बाईंची कणसं, माझा साल्सा

माझ्या हातचा कुठलाही नवा पदार्थ खाल्ला की माझा नवरा एकच वाक्य बोलतो. "वेगळं झालंय." कुकरमध्ये वाळू घालून केलेला केक सुरीला दाद देईना, म्हणून शेवटी उंबऱ्यावर आपटून फोडला, तो वेगळा झाला होता. कोबीचं मंचुरियन वेगळं झालं होतं. नूडल्सचा उपमा तर इतका वेगळा झाला की गल्लीतल्या कुत्र्यानेही तो नुसता हुंगून सोडून दिला. नवरा शाळेत गणित शिकवायचा. खोटं बोलायचं नाही आणि घरात भांडणही नको, या दोन्ही अटींत बसेल असं उत्तर त्याने विचार करून काढलेलं होतं. मी मात्र कित्येक वर्षं ते कौतुकच समजत होते.

सगळा दोष केबलचा. ऐंशीच्या दशकात लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मला पिठलं, भात आणि कशीबशी भाकरी एवढंच यायचं, आणि तेवढ्यावर कुणाचं काही अडत नव्हतं. पुढे केबल आली, दुपारचे स्वयंपाकाचे कार्यक्रम आले आणि आपल्यात एक सुगरण दडलेली आहे असा मला साक्षात्कार झाला. ती अजून दडलेलीच आहे. पोरं घरात होती तोवर त्यांनी डब्यातून बरंच सोसलं. मग आधी मुलगी आणि तिच्या मागोमाग मुलगा शिकायला पुण्याला गेले. मेसचं जेवण कसं आहे, असं मी काळजीने विचारलं की दोघंही फोनवर जरा जास्तच पटकन म्हणायचे, "मस्त आहे, आई. तू काही पाठवू नको."

घरात उरलो आम्ही दोघं. आणि वर्षातून एकदा, पोळा झाला की येणाऱ्या बाई.

बाई म्हणजे माझ्या सासूबाई. घरातले आणि गावातले सगळेच त्यांना बाई म्हणायचे. भोकरदन तालुक्यात केदारखेड्याजवळ आमचं शेत, तिथे त्या माझ्या धाकट्या दिराकडे राहायच्या. पोळ्यानंतर थोड्या दिवसांनी त्या एसटीने जालन्याला यायच्या आणि त्यांच्याबरोबर मक्याच्या कणसांचं एक पोतं यायचं. कंडक्टर पोत्याला जागा नाही म्हणाला की बाई दोन कणसं काढून त्याच्या हातात ठेवायच्या आणि म्हणायच्या, "घे, लेकरांना ने घरी." मग पोतं बराबर ड्रायव्हरच्या मागे जाऊन बसायचं.

पण बाईंची ती कणसं लेकरांनी खाण्यासारखी नसत. कोवळी, नख लावलं की दूध येणारी कणसं बाई कधीच आणत नसत. "ती लेकरांची," असं म्हणून त्या ती गावातच वाटून टाकायच्या. त्यांना स्वतःला लागायची टणक होत आलेली, चांगली जून कणसं. परसातल्या पाण्याच्या बंबात निखारे असायचे, त्यावर त्या ती भाजायच्या आणि मग तिथेच मांडी घालून खायला बसायच्या. खायचीही रीत होती. आधी अंगठ्याने दाण्यांची एक ओळ सोडवायची, मग शेजारची ओळ त्या मोकळ्या जागेत ढकलायची, अशा ओळीमागून ओळी. अख्खे दाणे तळहातावर जमा करायचे, तो तळहात तोंडावर न्यायचा आणि मग कडकड आवाज. मी कणीस सरळ तोंडाला लावून कुरतडायची. बाई माझ्याकडे बघून म्हणायच्या, "काहून उंदरावाणी खाऊन राह्यली?"

दातांचा त्यांना भारी अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता. त्या सुपारी अडकित्त्याशिवाय फोडायच्या. ऊस सोलायला त्यांना विळा लागत नसे. पोत्याची सुतळीची गाठ आम्ही दोघं नखं मोडून घेत सोडवत बसायचो, तर बाई येऊन ती दातांनी एका झटक्यात तोडून जायच्या. वयाच्या सत्तरीतली ही गोष्ट. हसायच्या तेव्हा सगळे दात दाखवून हसायच्या, आणि हसायच्या फार. माझा केक उंबऱ्यावर फोडला त्या दिवशी घरात तो कुणी खाल्ला असेल तर बाईंनी. कडकड चावून खाल्ला आणि म्हणाल्या, "गोड हाय." माझ्या स्वयंपाकाच्या कारकिर्दीतली तोवरची ही खरी म्हणावी अशी एकमेव दाद.

मग एका उन्हाळ्यात ते दात गेले. हिरड्यांचं दुखणं बळावलं, आणि बाईंनी ते इतकं अंगावर काढलं होतं की डॉक्टरकडे नेलं तेव्हा सगळेच काढावे लागले. नवऱ्याने चांगली कवळी करवून दिली. पण ती कवळी खाताना खटखट वाजायची आणि बोलताना मधेच शीळ घालायची. बाईंनी ती स्टीलच्या एका डबीत ठेवली आणि डबी पिशवीच्या तळाशी. कुणी पाहुणं आलं तर तेवढ्यापुरती घालायच्या. जेवायच्या एकट्या, भिंतीकडे तोंड करून, दुधात कुस्करलेली भाकरी. बोलायच्या तोंडावर पदर घेऊन. हसणं बंदच झालं.

त्या वर्षी पोळा झाला आणि बाई आल्या, पोत्यासकट. रिक्षावाल्याने पोतं अंगणात उतरवलं. मी पोत्याचं तोंड उघडून बघितलं तर नेहमीसारखीच टणक, जून कणसं. आयुष्यभराची सवय, त्यांनी तशीच तोडून भरली होती.

"तुम्ही खा," बाई पदराआडून म्हणाल्या. "माझं काय आता."

मला तेव्हा वाईट वाटायला हवं होतं. तसं ते वाटलंही. पण त्याच्या आधी मला आनंद झाला, कारण त्याच शनिवारी माझ्या घरी भिशी होती.

आमच्या कॉलनीतल्या बायकांची भिशी महिन्यातून एकदा कुणा एकीच्या घरी भरायची. चिठ्ठी निघायची, ते एक निमित्त. खरी चढाओढ खाण्याच्या पदार्थांची. मागच्या महिन्यात समोरच्या वहिनींनी पावभाजी करून सगळ्यांना गार केलं होतं. मला त्यांच्यापुढे जायचं होतं, आणि नेमकं तेव्हाच टीव्हीवरच्या एका ताईंनी भाजलेल्या मक्याचा साल्सा करून दाखवला होता. फार सोपं होतं. भाजलेला मका, बारीक चिरलेला कांदा आणि टोमॅटो, मिरची, कोथिंबीर, लिंबू, मीठ. ताई टोमॅटो धुताना नळ तसाच वाहता ठेवून गप्पा मारत होत्या. आमच्याकडे नळाला पाणी आठवड्यातून एकदा यायचं, त्यामुळे माझा अर्धा जीव त्या नळात अडकला होता आणि पुढची कृती थोडी निसटली. पण मला वाटलं, एवढ्यावर जमेल.

मी संध्याकाळी नवऱ्याला सगळं समजावून सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे कोशिंबीर."

"कोशिंबीर नाही. साल्सा."

"फरक काय?"

फरक मलाही माहीत नव्हता, म्हणून मी चिडले. "मेक्सिकोत खातात," मी म्हणाले.

"तिथल्या बायका आपल्या नवऱ्यांना काय सांगत असतील?" असं म्हणून तो पेपर तपासायला बसला.

गुरुवारी मी रंगीत तालीम घेतली. टीव्हीवर पाहिलं होतं तसं सोललेलं कणीस सरळ गॅसच्या जाळावर धरलं. थोडा वेळ छान गेला. मग दाणे तडतडून उडायला लागले. एक माझ्या चष्म्यावर येऊन आदळला, दुसरा थेट देवघरात बाळकृष्णापुढे जाऊन पडला. कणीस एका बाजूने कोळसा आणि दुसऱ्या बाजूने कच्चं. बाई दाराशी उभ्या राहून पदर तोंडाला लावून हे बघत होत्या. त्यांना फार वेळ राहवलं नाही.

"आगं, भाजून राह्यली का जाळून राह्यली? सर तिकडं."

त्यांनी बाकीची कणसं उचलली आणि परसात गेल्या. वरची पानं काढली, आतली पातळ दोन-चार तशीच ठेवली आणि बंबाच्या निखाऱ्यावर कणसं फिरवत बसल्या. पानं जळून गेली तेव्हा आत दाणे चांगले खरपूस झाले होते. वास घरभर पसरला. मी सुरी घेऊन पुढे झाले, कारण टीव्हीवर ताईंनी कणीस उभं धरून सुरीने दाणे कापले होते. बाईंनी सुरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी सुरी खाली ठेवली. त्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी पाट घेऊन बसल्या आणि अंगठ्याने ओळीमागून ओळ उतरवत राहिल्या. मी तोवर ओट्याशी कांदे चिरत रडत होते.

साल्सा दिसायला अगदी टीव्हीतल्यासारखा झाला. मी तो काचेच्या बाऊलमध्ये घातला, वर कोथिंबीर भुरभुरली आणि नवऱ्यापुढे ठेवला. त्याने चमचाभर तोंडात घेतला आणि चावायला लागला. कांदा संपला असणार, टोमॅटो संपला असणार, मका काही संपेना. मी त्याच्या तोंडाकडे बघत उभी, तो माझ्याकडे बघत चावतोय. शेवटी त्याने पाण्याबरोबर घास ढकलला.

"वेगळं झालंय," तो म्हणाला आणि गालावर हात धरून उठला.

टीव्हीवरचा मका पाकिटातला होता, गोड आणि मऊ. आमचा मका बाईंच्या जुन्या दातांसाठी शेतात राखलेला. तो भाजल्यावर आणखी टणक होणार, हे कुणालाही कळलं असतं, फक्त माझं लक्ष कोथिंबिरीच्या सजावटीकडे होतं. मी बाऊल तसाच बाईंपुढे नेला आणि म्हणाले, "बाई, तुम्ही बघा ना जरा चव." त्यांनी बाऊलकडे पाहिलं. "माझं झालं जेवन," म्हणाल्या आणि आतल्या खोलीत गेल्या. त्या जेवल्या नव्हत्या, हे मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी केर काढताना मी स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा बाजूला केला. कट्ट्यावर, पडद्याच्या मागे, मक्याचे दाणे ओळीने ठेवलेले होते. मला वाटलं, चिमण्यांसाठी ठेवले असतील. एक उचलून बघितला. भाजल्याचा काळा डाग धुऊन निघाल्यासारखा गेला होता आणि दाणा फिका, पांढुरका पडला होता. सगळेच तसे. एकही फुटलेला नव्हता.

मग माझ्या लक्षात आलं. खिडकीशी दाणे उतरवता उतरवता बाईंनी ते दाणे एकेक करून तोंडात टाकले होते. त्यातली भाजल्याची चव तेवढी चोखून घेतली होती, आणि चावता येईना म्हणून कुणाला दिसणार नाही अशा जागी लपवून ठेवले होते. मी दोन हातांच्या अंतरावर उभी राहून कांदे चिरत होते आणि मला काही दिसलं नव्हतं. मला भयंकर वाईट वाटलं. बाईंसाठी वाटलं आणि माझ्या त्या काचेच्या बाऊलची लाजही वाटली. दाणे मी तसेच राहू दिले. उचलले असते तर मला कळलंय हे त्यांना कळलं असतं.

आता मला साल्सा भिशीसाठी नको होता, बाईंना मका खायला घालायचा होता. म्हणजे भिशीसाठीही हवाच होता, मी काही एका सकाळीत संत झाले नव्हते. पण आधी बाई.

आणि मग मी मिक्सर काढला. मऊ करायचं म्हटल्यावर माझ्या डोक्यात दुसरं काही येणं शक्यच नव्हतं. उरलेला साल्सा मी मिक्सरमध्ये घालून इतका फिरवला की त्याचा पिवळसर गोळा झाला. तो वाटीत काढला, वर तूप सोडलं, छोटा चमचा ठेवला आणि दुपारी बाईंच्या हातात दिला.

"घ्या. चावायचं कामच नाही."

बाईंनी वाटीत बघितलं. "हे कुणासाठी केलं?"

"तुमच्यासाठी."

"तुम्ही काय खाल्लं?"

"आम्ही आपलं वरण-भात."

त्यांनी वाटी जमिनीवर ठेवली आणि बोटाने माझ्याकडे सरकवली. "आजाऱ्याला भरवतात तसं भरवून राह्यली मला. मी काय अंथरुनाला खिळले न्हाई अजून." त्यांनी पदर आणखी पुढे ओढून घेतला. "सोमवारच्या गाडीनं जाते मी. आन पुढच्या साली पोतं देईन धाडून कुनाबरोबर. मी कशाला येऊ? तोंड झाकून बसायला?"

बाई आल्या नाहीत असं एकही वर्ष गेलं नव्हतं. मुलांच्या जन्माच्या वर्षीही नाही आणि दुष्काळाच्या वर्षीही नाही. आणि आता माझ्या एका वाटीमुळे ते संपणार होतं, असं मला वाटलं. खरं कारण दातांचं होतं, पण दातांना मी दोष देऊ शकत नव्हते, वाटी माझी होती.

संध्याकाळी नवरा शाळेतून आला. मी त्याला सगळं सांगितलं, खिडकीतल्या दाण्यांसकट. तो म्हणाला, "तू तिला वेगळं करून दिलंस. तिला वेगळं नकोय. तिला आपण खातो ते हवंय." एवढ्या वर्षांत स्वयंपाकाबद्दल तो पहिल्यांदाच काहीतरी उपयोगाचं बोलला.

मी विचार करायला लागले. कणीस हातात घेऊन खायचं म्हटलं की ज्याला दात आहेत तो आणि ज्याला नाहीत तो, असा पंक्तिभेद आपोआप होतो. पण साल्सा सगळ्यांनाच चमच्याने खायचा असतो. तेवढी एक गोष्ट त्यात चांगली होती, आणि ती टीव्हीवरच्या ताईंनीही सांगितली नव्हती. दाणा अख्खा दिसायला हवा, पण जिभेने दाबला तरी मऊ लागायला हवा. म्हणजे भाजून झाल्यावर कुकर.

शनिवारी सकाळी बाईंनी कणसं भाजून दाणे काढून दिले. भिशीच्या बायकांसाठी, असं सांगितल्यावर त्यांनी काही विचारलं नाही. मी ते दाणे कुकरमध्ये घातले आणि शिट्ट्या होऊ दिल्या. कुकर उघडला तर दाणे मऊ झाले होते, माझ्या हातून असं काही झालं याचं मलाच नवल वाटलं. पण भाजल्याचा वास शिट्टीबरोबर निघून गेला होता. नुसता उकडलेला मका. बाई ज्या चवीसाठी दाणे चोखत होत्या तीच मी वाफेबरोबर घालवली होती.

मग मला माहेर आठवलं. माझं माहेर जुन्या जालन्यात, धान्याच्या दुकानांच्या गल्लीत. भिंतीला भिंत लागून एक मुस्लीम मावशी राहायच्या, त्यांना आम्ही खाला म्हणायचो. त्यांच्या डाळीला मी लहानपणी वाटी घेऊन पळत जायचे, कारण त्या डाळीला धुंगार द्यायच्या. पेटता निखारा एका वाटीत ठेवायचा, ती वाटी डाळीच्या पातेल्यात, निखाऱ्यावर थोडं तूप सोडायचं आणि लगेच झाकण लावून टाकायचं. आत धूर कोंडतो आणि सगळी डाळ चुलीवरची होऊन जाते. तेच इथे करायचं मी ठरवलं. इथवर माझं सगळं बरोबर होतं. मी तिथेच स्वयंपाकघरात धुंगार देऊन मोकळी झाले असते तर बरं झालं असतं. पण मला तो भिशीच्या बायकांसमोर द्यायचा होता, टीव्हीवर दाखवतात तसा.

बायका यायच्या वेळेला बाई म्हणाल्या, "मी आत बसते. बाया गेल्या की सांग." कवळीची डबी त्यांनी काढलीसुद्धा नाही. दार लोटून घेतलं.

दुपारी हॉल भरला. मी प्रदर्शनातून घेतलेली साडी नेसले होते. साल्स्याचं पातेलं हॉलच्या मधोमध वर्तमानपत्रावर ठेवलं आणि घसा साफ करून सांगितलं, "आज मी साल्सा केलाय. हा मेक्सिकोचा पदार्थ." समोरच्या वहिनींनी पातेल्यात डोकावून बघितलं आणि ओळखीचा चेहरा दिसल्यासारखं हसल्या. मी तिकडे दुर्लक्ष केलं. बंबातला निखारा चिमट्याने आणून वाटीत ठेवला, वाटी पातेल्यात ठेवली आणि हात चांगला उंच धरून वरून तूप सोडलं.

तूप सोडलं म्हणजे ओतलं. खाला थेंब-दोन थेंब सोडायच्या, माझ्या हातात पळी होती. भपकन जाळ झाला. मी झाकण लावायच्या ऐवजी ते हातात उंच धरून किंचाळले आणि मग, का ते देव जाणे, वाकून फुंकर मारायला लागले. जाळ विझला आणि धुराचा लोट उठला. वहिनी खोकत दाराकडे सरकल्या. कुणीतरी पंखा चालू केला, त्यामुळे धूर सगळ्यांना सारखा मिळाला.

आतलं दार धाडकन उघडलं.

"आगं झाक! झाक जल्दी! फुकून काय राह्यली? धूर कोंडायचा असतो, वाऱ्यावर सोडत्यात का?"

बाई हॉलमध्ये आल्या, बायकांमधून वाट काढत सरळ माझ्यापाशी आल्या, माझ्या हातातलं झाकण हिसकावलं आणि पातेल्यावर दाबून धरलं. "ताकाला धुंगार देतो आपन, कधी पाह्यलं न्हाई का तू?" सगळं बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. डोक्यावरचा पदर खांद्यावर पडला होता. तोंडात कवळी नव्हती. समोर कॉलनीतल्या सगळ्या बायका त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांचा हात पदराकडे गेला, पण दुसरा हात झाकणावर होता आणि झाकण सोडलं तर धूर गेला असता. त्या तशाच थांबल्या. मला वाटलं, आता उठून जातील, आणि सोमवारची गाडीही धरणार नाहीत, आजचीच धरतील.

तेवढ्यात त्यांची नजर माझ्या तोंडावर गेली. मला दिसत नव्हतं, पण पुढे आरशात बघितलं तेव्हा कळलं: नाकावर काजळी, आणि एक भुवई अर्धी गेलेली.

"तोंड बघ तुझं," बाई म्हणाल्या आणि हसायला लागल्या.

उन्हाळ्यापासून मी ते हसणं ऐकलं नव्हतं. पूर्वीसारखंच, सगळं तोंड उघडून, फक्त आता आत दात नव्हते. त्या इतक्या हसल्या की झाकण हाताखाली खडखड वाजायला लागलं. मग वहिनी हसल्या, मग सगळ्याच. मीही हसले, कारण त्या खोलीत न हसणारी मी एकटीच उरले होते. आणि हसता हसता मला रडू फुटलं. ते धुरामुळे आहे असं सगळ्यांना वाटलं, आणि मी तसंच वाटू दिलं.

थोड्या वेळाने बाईंनी झाकण काढलं. वास असा आला की बडबडणाऱ्या बायका गप्प झाल्या. मी प्लेटा भरल्या. बाईंची प्लेट आधी दिली नाही आणि शेवटीही दिली नाही. त्या जिथे बसल्या होत्या तिथे त्यांची पाळी आली तेव्हा दिली, इतरांसारखीच प्लेट, इतरांसारखाच चमचा. मग मी दुसऱ्या टोकाला जाऊन पाणी वाटत असल्याचं नाटक करत बघत राहिले. त्यांनी चमचा तोंडात नेला. हिरड्यांनी हळूहळू चावलं. गिळलं. मग दुसरा चमचा, मग तिसरा जरा मोठा. प्लेट संपल्यावर ती त्यांनी स्वतःच पुढे केली.

"मका मक्यावाणी लागून राह्यली," त्या शेजारच्या बाईला म्हणाल्या.

माझ्या साल्स्याचं काय झालं तेही सांगते. जाताना वहिनी म्हणाल्या, "कोशिंबीर फार छान झाली होती." कृती सगळ्यांनी विचारून घेतली, पण माझ्याकडून नाही. बायका बाईंभोवती बसल्या आणि बाईंनी पदर न घेता सांगितलं, आधी भाजायची, मग उकडायची, मग धुंगार, तूप मात्र थेंबभर. पुढे कॉलनीत ती बाईंची कोशिंबीर म्हणूनच चालली. मेक्सिकोचं नाव कुणाच्या तोंडीसुद्धा राहिलं नाही. रात्रीच्या जेवणात उरलेली मी नवऱ्याला वाढली आणि त्याच्या नेहमीच्या वाक्याची वाट बघत बसले. तो खाऊन झाल्यावर म्हणाला, "चांगलं झालंय." हे वाक्य मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. आधीच्या सगळ्या पदार्थांचा अर्थ मला त्या क्षणी एकदम कळला, आणि मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

बाई सोमवारी गेल्याच. शेतात काम आहे म्हणाल्या. मी पुढच्या वर्षाचं विचारायला धजले नाही, आणि त्याही काही बोलल्या नाहीत. एसटी गेल्यावर घरी येऊन मी पडद्यामागचा कट्टा बघितला. दाणे नव्हते. त्यांनी कधीतरी उचलून टाकले होते. त्यावरून त्या पुन्हा येतील की नाही, ते काही मला कळलं नाही.

वर्षभर मी त्याचा विचार करत होते असं म्हटलं तर खोटं होईल. पण पोळा जवळ आला तशी मी फाटकाकडे बघायला लागले. पोळा झाला. चार दिवस गेले, आठ गेले. मी नवऱ्याला म्हणाले, "पोतं कुणाबरोबर पाठवणार आहेत, काही कळलं का?" त्याने नाही म्हणून मान हलवली.

आणि एका दुपारी रिक्षा थांबली. आधी पोतं उतरलं, मग बाई. पदर डोक्यावर होता, तोंडावर नव्हता. कवळीही नव्हती. "पानी दे आधी," म्हणाल्या आणि पायरीवर बसल्या. मी पाणी दिलं आणि पोत्याची गाठ सोडायला घेतली. नखं मोडून घेतली तेव्हा कुठे ती सुटली. आत हात घातला आणि एक कणीस बाहेर काढून सोललं. नख लावलं तर दूध आलं. दुसरं काढलं, तेही तसंच. मी खालपर्यंत हात घालून बघितलं. सगळं पोतं कोवळ्या कणसांनी भरलेलं होतं.

मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"लेकरांसाठी आणलीत," त्या म्हणाल्या.

पोरं दोघंही पुण्याला होती, हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं.

"बरं केलंत," मी म्हणाले, आणि बंब पेटवायला परसात गेले.